वेळेआधी जन्मलेले बाळ: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

या पानावरील प्रश्न पालकांनी वेळोवेळी पाठवलेले आहेत आणि शक्य तिथे ते त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. काही प्रश्न दवाखान्याच्या जिन्यात बसून रात्री दोन वाजता लिहिलेले होते, तर काही बाळ घरी आल्यावर, पहिल्या अंघोळीच्या आदल्या दिवशी. उत्तरांतील आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या बाळाला रोज तपासणारे डॉक्टर वेगळे काही सांगत असतील, तर त्यांचेच ऐकावे.

१. वेळेआधी म्हणजे नेमके किती आधी? आमच्याकडे सगळे महिन्यांत मोजतात.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अकाली जन्मलेले बाळ म्हणतात; पूर्ण दिवसांचा हिशेब ४० आठवड्यांचा असतो. अशा बाळांपैकी बहुतेक ३२ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान जन्मतात. २८ ते ३२ आठवड्यांची बाळे बरीच नाजूक असतात आणि २८ आठवड्यांच्या आतील बाळांना सर्वांत दीर्घ व गुंतागुंतीचे उपचार लागतात. महिन्यांच्या मोजणीत घोटाळा होतो, कारण ‘आठवा लागला होता’ हे वाक्य ३१ आठवड्यांच्या बाळालाही लागू पडते आणि ३४ आठवड्यांच्या बाळालाही, आणि एवढ्या काळात फुप्फुसांच्या तयारीत फार मोठा फरक पडतो. म्हणून फाइलवर लिहिलेले आठवडे आणि दिवस पाठ करून ठेवा. डोळ्यांच्या तपासणीपासून (प्रश्न ११) वयाच्या हिशेबापर्यंत (प्रश्न १५) पुढचे बरेच काही त्यावरच ठरते.

२. सातमाशी बाळ जगते पण आठमाशी जगत नाही, असे सासूबाई म्हणतात. हे खरे आहे का?

खरे नाही. बाळ गर्भाशयात सुखरूप असेल, तर तिथे काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा त्याची जगण्याची आणि धडधाकट राहण्याची शक्यता वाढवतो. ही समजूत निरुपद्रवीही नाही. आठव्या महिन्यात बाळंत झालेल्या बाईच्या खाटेपाशी ती कुणी बोलून दाखवली, की घरातली माणसे मनातून बाळाची आशा सोडू लागतात, आणि ज्या दिवसांत आईला दूध काढायला, जेवायला, झोपायला मदत हवी असते त्याच दिवसांत ती एकटी पडते. सासूबाईंना हे उत्तर आदराने वाचून दाखवावे.

३. आमच्या बाळाचे वजन १ किलो ८०० ग्रॅम आहे. म्हणजे ते वेळेआधीच जन्मले ना?

वजनावरून तसे ठरत नाही. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन असले तर त्याला कमी वजनाचे बाळ म्हणतात, पण त्याची कारणे दोन असू शकतात: बाळ लवकर जन्मले असेल, किंवा दिवस पूर्ण भरूनही पोटात त्याची वाढ नीट झाली नसेल. काही बाळांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र असतात. पहिल्या प्रकारात मुख्य काळजी फुप्फुसे, मेंदू आणि डोळे अपुरे तयार असण्याची असते, तर दुसऱ्या प्रकारात रक्तातील साखर उतरण्याची आणि अंगातील ऊब टिकून न राहण्याची.

४. माझ्या हातून काय चुकले? मी पाण्याची कळशी उचलली होती, आणि ग्रहणात भाजीही चिरली होती.

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि बहुधा आईच तो विचारते. एकदा उचललेल्या कळशीने, जिना चढल्याने किंवा ग्रहणात हातात विळी घेतल्याने बाळ लवकर जन्मत नाही. गरोदरपणात वाढलेला रक्तदाब, मूत्रमार्गाचा किंवा गर्भाशयाचा जंतुसंसर्ग, जुळी किंवा तिळी बाळे, गर्भाशयाचे तोंड आखूड असणे, पाणमोट आधीच फुटणे, मधुमेह आणि यापूर्वी झालेली अकाली प्रसूती ही वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेली प्रमुख कारणे आहेत, आणि अनेकदा सर्व तपासण्या करूनही कोणतेच कारण सापडत नाही. काही वेळा आईचा किंवा बाळाचा जीव धोक्यात असल्याने डॉक्टरांनाच प्रसूती लवकर करावी लागते.

एकदा उचललेली कळशी वेगळी आणि गरोदरपणात महिनोन्‌महिने उपसलेले कष्ट वेगळे. ऊसतोडीच्या फडावर शेवटच्या महिन्यांपर्यंत मोळ्या वाहणे, रक्तक्षय, अपुरे जेवण, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसणे आणि घरातील तंबाखू किंवा मिश्री यांचा परिणाम गर्भावर होतो. यातल्या बहुतेक गोष्टी त्या बाईच्या एकटीच्या हातात नसतात, त्यामुळे त्यांचा जाब तिला विचारणे अन्यायाचे आहे.

५. प्रसूतीआधी घाईघाईने दिलेली इंजेक्शने कशासाठी होती?

ती बहुधा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची होती. फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्या श्वास सोडताना मिटून जाऊ नयेत, म्हणून शरीर सरफॅक्टंट नावाचा एक स्निग्ध पदार्थ तयार करते, आणि ३४ आठवड्यांच्या आत तो पुरेसा नसतो. आईला दर १२ तासांनी एक याप्रमाणे चार इंजेक्शने दिली, तर औषध वारेतून बाळापर्यंत पोहोचून फुप्फुसांची तयारी वेगाने होते. न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी १९७२ मध्ये हे प्रथम सिद्ध केले. कळा थोपवण्याची औषधे देऊन डॉक्टर एक-दोन दिवस मिळवण्याची धडपड करतात, ती मुख्यतः या इंजेक्शनांना वेळ मिळावा म्हणून. चारही पूर्ण झाली नाहीत तरी मिळालेल्या मात्रेचा उपयोग होतो.

६. बाळाला काचेच्या पेटीत ठेवले आहे आणि अंगाला वायरी, नळ्या लावल्या आहेत. त्या कशाच्या आहेत?

बाळाच्या कातडीखाली चरबीचा थर नसल्याने त्याच्या अंगातील ऊब फार लवकर निघून जाते, म्हणून त्याला पेटीत किंवा वरून उष्णता देणाऱ्या वॉर्मरवर ठेवतात. नाकातील आखूड नळ्या बहुधा सीपॅपच्या असतात. त्यांतून सतत थोड्या दाबाने हवा जाते आणि फुप्फुसे उघडी राहतात, पण श्वास बाळ स्वतःच घेत असते. तेवढ्याने भागले नाही तर श्वासनलिकेत नळी घालून सरफॅक्टंट सोडतात आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर लावतात. तोंडातून पोटात गेलेली बारीक नळी दुधाची, हातापायांतील किंवा बेंबीतील नळी सलाईन व औषधांची, आणि तळव्याला लावलेला लाल दिवा रक्तातील ऑक्सिजन मोजण्याचा असतो. निळा प्रकाश काविळीसाठी असून या बाळांना तो लागणे नेहमीचेच आहे.

मॉनिटर वाजू लागला की पालकांच्या पोटात गोळा येतो. अनेकदा वायर सैल झाल्याने तो वाजतो. मात्र काही वेळा बाळ खरोखरच काही सेकंद श्वास घ्यायचे विसरते, कारण श्वासाचे नियंत्रण करणारा मेंदूचा भाग अजून अपरिपक्व असतो. सिस्टर पायाला हलकेच टिचकी मारतात आणि श्वास पुन्हा सुरू होतो. यासाठी कॅफीन हे औषध देतात. बहुतेक बाळांत ३४ ते ३६ आठवड्यांच्या सुमारास ही तक्रार थांबते.

७. आम्ही हात लावला तर बाळाला जंतुसंसर्ग होईल ना? मग लांबच राहिलेले बरे, नाही का?

लांब राहू नका. कोपरापर्यंत साबणाने नीट धुतलेले हात, काढून ठेवलेल्या अंगठ्या व बांगड्या, कापलेली नखे आणि स्वतःला सर्दी-खोकला असताना पाळलेले अंतर एवढी शिस्त असेल, तर आईवडिलांचा स्पर्श हा उपचाराचाच भाग आहे.

त्यातला सर्वांत प्रभावी प्रकार म्हणजे कांगारू मातृसेवा. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत असताना तेथील डॉक्टरांनी बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. पुढे पाच देशांतील रुग्णालयांत अभ्यास झाला, त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतील बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी घेतले, तर पहिल्या महिन्यातील मृत्यू सुमारे एकचतुर्थांशाने कमी होतात. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये रोज ८ ते २४ तास कांगारू मातृसेवा देण्याची शिफारस केली.

फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घातलेले बाळ आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे ठेवायचे, त्याची मान एका बाजूला वळवून किंचित वर ठेवायची आणि ओढणीने किंवा मऊ सुती कापडाने त्याला अंगाशी नीट बांधायचे. समोरून उघडणारा गाउन असला की सोपे जाते. एका वेळी निदान तासभर तरी बसावे. सीपॅपवरील बाळालाही अनेक विभागांत असे घेऊ देतात. व्हेंटिलेटरवर असल्यास डॉक्टरांना विचारावे. आई थकली असेल किंवा तिचे सिझेरियन झाले असेल, तर वडील, आजी किंवा मावशी यांची छातीही तितकीच उबदार असते. दवाखान्यात कुणी आपणहून हा विषय काढला नाही, तर तुम्ही काढा.

८. बाळ अंगावर ओढत नाही आणि मला दूधही थेंबभरच येते. पावडर सुरू करावी का?

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो, तोवर ते ओढणार नाही हे गृहीत धरावे. त्याआधी दूध पोटातील नळीने आणि मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजतात. आजीच्या काळचे बोंडले आजही उपयोगी आहे; प्रत्येक वेळी उकळून घ्यावे आणि दूध घाईने ओतू नये.

पहिल्या तीन-चार दिवसांत येणारा पिवळसर घट्ट चीक थेंबांतच येतो आणि या बाळाला सुरुवातीला थेंबच हवे असतात. प्रसूतीनंतर शक्यतो सहा तासांच्या आत हाताने दूध काढायला सुरुवात करावी आणि रात्रीचे धरून दिवसातून आठ-दहा वेळा ते काढत राहावे. दूध जितके निघते तितके वाढते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या आतड्यांना सूज येऊन ती कुजण्याचा एक गंभीर आजार होऊ शकतो, आणि आईच्या दुधावर असलेल्या बाळांत तो पावडरच्या दुधावरील बाळांपेक्षा कमी आढळतो. त्यामुळे इथे दूध हे औषध समजावे.

आईचे दूध खरोखरच पुरत नसेल, तर दुसरा पर्याय मातृदुग्धपेढीतील निर्जंतुक केलेल्या दुधाचा आहे. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. आज इतर शहरांतही अशा पेढ्या आहेत. तुमच्या जवळची कोणती, हे नवजात विभागात विचारावे. पावडरचा निर्णय या दोन्हींनंतर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

९. आठवडा झाला आणि वजन वाढण्याऐवजी उतरले आहे. काही लपवत तर नाहीत ना?

नाही. अंगातील जादा पाणी निघून गेल्याने पहिल्या आठवड्यात वजन दहा टक्के, फार लहान बाळांत पंधरा टक्क्यांपर्यंत उतरते आणि दहा ते चौदा दिवसांत जन्मवजनावर परत येते. त्यानंतर दर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढ अपेक्षित असते.

१०. बाळ वाचेल का, हे डॉक्टर स्पष्ट का सांगत नाहीत? आणि एवढा खर्च कसा झेपेल?

पहिल्या ७२ तासांत त्यांनाही ते ठाऊक नसते. ३२ आठवड्यांनंतर जन्मलेली आणि चांगली सेवा मिळालेली बहुतेक बाळे सुखरूप घरी जातात, पण श्वास स्थिरावलेल्या बाळालाही दोन आठवड्यांनी जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून डॉक्टर दिवसाच्या भाषेत बोलतात. ‘आज कालच्यापेक्षा कसे आहे आणि आज तुम्हाला सर्वांत जास्त काळजी कशाची वाटते’, असे विचारले तर नेमके उत्तर मिळते. हा प्रश्न रोज एकाच नातेवाइकाने विचारावा. चौघांनी चार वेळा विचारल्याने घरात चार वेगवेगळ्या बातम्या पसरतात.

खर्चाबाबत: जिल्हा रुग्णालये आणि शासकीय स्त्री रुग्णालयांत नवजात शिशूंसाठी विशेष काळजी कक्ष आहेत. २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहतूक यांचे पैसे घेतले जात नाहीत. ही सवलत आता एक वर्षापर्यंतच्या बाळांना आहे. खासगी दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न असेल, तर रेशन कार्ड घेऊन तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, पहिल्याच दिवशी भेटा. बिल झाल्यावर भेटून बहुधा उपयोग होत नाही.

११. बाळ छान बघते, हसते. तरीही डोळे तपासायला का सांगतात?

या पानावरील एकच उत्तर वाचायला वेळ असेल, तर हे वाचावे. डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या गर्भारपणाच्या अखेरीपर्यंत वाढत असतात. बाळ लवकर जन्मले की त्यांची वाढ वेडीवाकडी होऊ शकते आणि काही बाळांत त्या पडदा ओढून सुटा करतात. मग आलेले अंधत्व बहुधा परत फिरत नाही. बाहेरून डोळा स्वच्छ, सुंदर दिसतो, दुखत नाही, लाल होत नाही, त्यामुळे घरी कुणालाही सुगावा लागत नाही.

भारतातील प्रचलित नियमाप्रमाणे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडद्याच्या तज्ज्ञाकडून तपासले गेले पाहिजेत. २८ आठवड्यांच्या आतील किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांची तपासणी दोन ते तीन आठवड्यांतच होते. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळाला दीर्घकाळ ऑक्सिजन लागला असेल किंवा गंभीर जंतुसंसर्ग झाला असेल, तर त्यालाही तपासणी लागते. एका तपासणीने काम संपत नाही. रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोहोचेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी जावे लागते, आणि उपचार ठरले तर लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शन दोन-तीन दिवसांतच करावे लागते.

अडचण येते ती नेमकी तिसाव्या दिवशी, कारण तोवर बाळ घरी आलेले असते आणि सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीने उंबरठा ओलांडू नये, असे घरात ठरलेले असते. ही तारीख त्या नियमासाठी थांबणारी नाही. डिस्चार्जच्या कागदावर ती लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.

१२. कान आणि मेंदू यांचे काय?

श्रवणाची तपासणी घरी जाण्याआधी किंवा पहिल्या महिन्यात व्हावी. पहिल्या चाचणीत बाळ नापास झाले म्हणून घाबरू नये, पण दुसरी चाचणी चुकवूही नये. मेंदूची सोनोग्राफी टाळूवरून करतात आणि तिच्यात रक्तस्राव झाला आहे का, ते दिसते. सौम्य रक्तस्रावाची बहुतेक बाळे पुढे नीट वाढतात. हालचाली, स्नायूंचा ताठपणा आणि नजर यांवर पहिली दोन वर्षे लक्ष ठेवावे लागते. शंका आल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत तपासणी आणि व्यायामोपचार मिळतात. तिथे लवकर गेल्याने नुकसान काहीच नाही.

१३. घरी कधी सोडतील?

ठरलेला दिवस नसतो. बाळ पेटीबाहेर अंग उबदार ठेवू लागले, सगळे दूध तोंडाने घेऊ लागले, सलग काही दिवस वजन वाढले, श्वास थांबण्याचा प्रकार आठवडाभर झाला नाही आणि आईला आत्मविश्वास आला, की सोडतात. त्या वेळी बाळाचे वजन अनेक विभागांत १६०० ते १८०० ग्रॅम असते. मूळ प्रसूतीच्या तारखेच्या दोन-चार आठवडे आधी असा ढोबळ अंदाज धरावा.

१४. घरी आल्यावर अंघोळ, मालीश, धुरी, काजळ, गुटी यांतले काय चालेल?

वजन दोन-अडीच किलो होईपर्यंत कोमट पाण्यात भिजवलेल्या कपड्याने अंग पुसणे पुरेसे आहे. अंघोळ घालणाऱ्या मावशींना आधीच सांगावे की नाक-डोके ओढून आकार देणे, पाय ताणणे, कानात तेल घालणे आणि टाळूवर तेल थापणे यांतले काहीही करायचे नाही. वजन वाढू लागल्यावर आईने खोबरेल तेलाचा हलका हात फिरवलेला चालतो. ओव्याची किंवा शेणीची धुरी या फुप्फुसांना पेलत नाही, ती पूर्ण बंद ठेवावी. काजळ डोळ्यांत घालू नये. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावावी. मध, गुटी आणि साखरपाणी देऊ नये. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्व आणि लोहाचे थेंब मात्र न चुकता द्यावेत.

बाळाला थंडी वाजते का, हे हाताने कळते. पोट आणि तळपाय दोन्ही उबदार असतील तर ठीक आहे. पोट उबदार पण तळपाय गार असतील तर लगेच छातीशी घ्यावे (प्रश्न ७). दोन्ही गार असतील तर छातीशी घेऊनच दवाखाना गाठावा. बारसे पुढे ढकलले तरी चालते, आणि जन्मनोंद २१ दिवसांत करून नाव नंतर घालता येते.

१५. बाळ सहा महिन्यांचे झाले तरी मान नीट धरत नाही. काही बिघडले आहे का? आणि लसी कोणत्या वयाप्रमाणे द्यायच्या?

आधी सुधारित वय काढा. बाळ ३० आठवड्यांचे असताना जन्मले असेल, तर ते १० आठवडे लवकर आले. आज ते २६ आठवड्यांचे असेल तर विकासाच्या दृष्टीने त्याचे वय १६ आठवडे, म्हणजे चार महिन्यांच्याही थोडे आतच आहे, आणि या वयात मान नुकती स्थिरावत असते. असा हिशेब दोन वर्षांपर्यंत करतात. शेजारच्या बाळाशी तुलना त्याशिवाय करू नये. सुधारित वय धरूनही बाळ मागे वाटले, तर प्रश्न १२ मधील केंद्रात दाखवावे.

लसीकरण याला अपवाद आहे. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी जन्मतारखेपासूनच मोजायच्या. केवळ जन्माच्या वेळच्या लसींबाबत, विशेषतः २ किलोच्या आतील बाळाच्या, थोडी वाट पाहायची का, हे डॉक्टर ठरवतात.

१६. आमचे बाळ ३६ आठवड्यांचे, वजन २ किलो ४००. पेटीत ठेवावेच लागले नाही. मग यातले काही आम्हाला लागू नाही ना?

लागू आहे, आणि अशा बाळांकडेच दुर्लक्ष होते. ते दिसते पूर्ण दिवसांचे, पण दूध ओढता ओढता थकून झोपी जाते, त्यामुळे साखर उतरते आणि कावीळ चौथ्या-पाचव्या दिवशी, म्हणजे नेमकी घरी गेल्यावर, वाढते. ‘गुणी आहे, रडतच नाही’ हे कौतुक इथे काळजीचे लक्षण असू शकते. दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावे आणि घरी गेल्यावर दोन दिवसांत पुन्हा दाखवावे.

१७. जुळ्यांपैकी एक घरी आले, एक अजून दवाखान्यात आहे. आईने कुठे थांबावे?

शक्य असल्यास घरी आलेल्या बाळासह दवाखान्याजवळ राहावे. ते जमत नसेल तर दवाखान्यातील बाळाला रोज काढलेले दूध पाठवावे आणि कांगारू सेवेसाठी वडिलांनी जावे. दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात, फ्रिजमध्ये २४ तास टिकते. नेताना बर्फ घातलेला डबा वापरावा.

१८. मला किती रजा मिळते?

पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे. मातृत्व लाभ कायद्यात ती २०१७ च्या दुरुस्तीने आली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. प्रसूतीआधीचे आठवडे वापरले गेले नसतील, तर ते प्रसूतीनंतर मिळतात. अकाली प्रसूतीमुळे आईला आजारपण आले, तर दाखला जोडून याच संहितेखाली आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मागता येते. अर्ज करताना त्या तरतुदीचा उल्लेख करावा.

१९. कोणत्या लक्षणांना रात्रीही थांबायचे नाही?

दूध घेणे बंद होणे किंवा निम्म्यावर येणे, श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त होणे, श्वासाबरोबर छाती आत ओढली जाणे, ओठ निळे पडणे, श्वास थांबणे, झटके, ताप, गार पडलेले अंग, तळहात-तळपाय पिवळे होणे, हिरवी उलटी, फुगलेले पोट. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वाटेत बाळाला छातीशी उघड्या अंगाला लावून न्यावे.

२०. पुढच्या वेळीही असेच होईल का?

धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण पुढचे बाळ दिवस भरून जन्मण्याची शक्यताही मोठी असते. दोन गर्भारपणांत निदान दीड वर्षाचे अंतर ठेवावे आणि दिवस राहताच या वेळची पूर्ण फाइल घेऊन डॉक्टरांकडे जावे. सोनोग्राफीत गर्भाशयाचे तोंड आखूड आढळले, तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक किंवा त्या तोंडाला घातलेला टाका यांचा उपयोग होतो. रक्तदाबामुळे प्रसूती लवकर झाली असेल, तर कमी मात्रेचे ॲस्पिरिन सुचवले जाते, आणि ते १६ आठवड्यांच्या आत सुरू झाले तरच पुरेसे गुणकारी ठरते. म्हणून पहिली भेट तिसऱ्या महिन्याच्या पुढे जाऊ देऊ नये.